ॲलन पेज
ॲलन पेज (जन्म: ७ ऑगस्ट १९४५, कँटन, ओहायो) हे अमेरिकन फुटबॉलचे माजी व्यावसायिक बचावपटू व निवृत्त न्यायमूर्ती आहेत. १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने त्यांची निवड केली. ते 'डिफेन्सिव्ह टॅकल' म्हणून बचावफळीच्या मध्यभागी खेळत. प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदून चेंडू नेणाऱ्या खेळाडूला रोखणे हे या स्थानाचे मुख्य काम असते. १९७१ साली ते असोसिएटेड प्रेसच्या 'सर्वाधिक मौल्यवान खेळाडू' या पुरस्काराचे मानकरी ठरले. हा पुरस्कार बचावपटूला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या काळात व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत पोहोचले, परंतु विजेतेपद मिळाले नाही.

खेळत असतानाच पेज यांनी कायद्याचा अभ्यास केला व १९७८ साली मिनेसोटा विद्यापीठाची पदवी मिळवली. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना संघातून मुक्त केले. पुढे १९८१ पर्यंत ते शिकागो बेअर्सकडून खेळले. १९८८ साली त्यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. ही संस्था त्यांच्या जन्मगावीच आहे. त्याच वर्षी त्यांनी गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. १९९३ ते २०१५ या काळात ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्या न्यायालयातील ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होत.