कोळसा संपल्यावर काय उरते?

वारसा म्हटला की किल्ले, लेणी आणि देवळे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. बंद पडलेली खाण, तिच्या तोंडावरचे लोखंडी चाक आणि शेजारचा काळा ढिगारा यांनाही वारसा म्हणावे, हे सहसा कोणाला सुचत नाही. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स प्रांतात मात्र, विशेषतः त्याच्या दक्षिण भागात, ते सुचले आहे. तेथे कोणत्या गोष्टी जपल्या गेल्या हे पाहिले, तर कोळशाचा वारसा म्हणजे काय याचा उलगडा होतो.

1913 साली दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतून सुमारे 5 कोटी 70 लक्ष टन कोळसा निघाला. दोन लक्षांहून अधिक माणसे या खाणींवर पोट भरीत होती. कार्डिफ आणि बॅरी या बंदरांतून हा कोळसा जगभर जाई. पुढे मागणी ओसरली, आणि 1984-85 च्या मोठ्या संपानंतर उरलेल्या खाणीही भराभर बंद झाल्या.

ब्लेनाव्हॉन येथील ‘बिग पिट’ ही खाण 1980 साली बंद पडली आणि 1983 साली संग्रहालय म्हणून उघडली. पाहुण्यांच्या डोक्यावर दिव्याची टोपी चढवून त्यांना 90 मीटर खाली नेतात. वाट दाखवायला अनेक वर्षे खाणीतच राबलेली माणसे असत आली आहेत. काडेपेटी, घड्याळ, बॅटरीची कोणतीही वस्तू आधी वर काढून ठेवावी लागते. खाणीत मिथेन वायू साचतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. हा नियम किती प्राण गेल्यावर शिकला गेला, हे पाहुण्याला कळावे हाच तेथील खरा पाठ आहे.

सेंघेनिद या गावाने त्याची किंमत मोजली आहे. 14 ऑक्टोबर 1913 रोजी तेथील खाणीत स्फोट झाला आणि 439 कामगार दगावले; त्यांना वाचवायला गेलेला एक जणही परतला नाही. आग लागल्यास हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल असे पंखे बसवावेत, असा कायदा झाला होता. त्याची मुदत टळून गेली तरी ती सोय झालेली नव्हती. पुढे खटला होऊन व्यवस्थापकास 24 पौंड आणि कंपनीस 10 पौंड दंड झाला. 2013 साली, शंभर वर्षांनी, त्याच जागी वेल्सचे राष्ट्रीय खाण-स्मारक उभे राहिले. त्याच्या भिंतीवर मृतांची नावे आहेत. मरणाची किंमत इतकी अल्प ठरवली गेली असताना, निदान प्रत्येकाचे नाव तरी वाचले जावे, हे उचितच म्हणावयाचे.

परंतु दुःख एवढाच हा वारसा नव्हे. आपल्यासारख्या व्याख्यानाला जमणाऱ्या मंडळींना विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे तेथील कामगारांची वाचनालये. प्रत्येकाच्या मजुरीतून पेनी-दोन पेनी कापून गावोगाव सभागृहे आणि ग्रंथालये उभारली गेली; 1930 नंतरच्या दशकात अशी शंभराहून अधिक ग्रंथालये होती. ट्रेडेगारच्या कामगारांनी याच रीतीने वर्गणीतून औषधोपचाराची संस्था चालवली. त्याच गावी लहानपणीच खाणीत उतरलेला अनायरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि 1948 साली ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा त्याच्याच हातून सुरू झाली. खाणी बंद पडू लागल्या तशी ग्रंथालये मोडीत निघाली, पुस्तके विकली गेली. उरलेली वाचवण्यासाठी 1973 साली स्वान्सी येथे स्वतंत्र ग्रंथालय स्थापन करण्यात आले.

आता राहिला तो ढिगारा. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी अबरव्हान गावावरचा खाणीच्या मातीचा ढीग घसरला आणि शाळेवर कोसळला. 144 जण मेले. त्यांत 116 मुले होती. तो ढीग पाण्याच्या झऱ्यावर रचलेला होता. चौकशी मंडळाने सरकारी कोळसा मंडळाला दोषी ठरवले. तरीही उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चापोटी लोकांनी पीडितांसाठी दिलेल्या मदतनिधीतून दीड लक्ष पौंड घेतले गेले. ती रक्कम 1997 साली परत करण्यात आली. गावकऱ्यांनी ती गोष्ट विसरली असती, तर परत कोण करणार होते?

वेल्समध्ये असे सुमारे अडीच हजार जुने ढिगारे आजही आहेत. फेब्रुवारी 2020 च्या वादळी पावसात टायलर्सटाउन येथे एक ढीग घसरलाच. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. म्हणजे येथे स्मरण हे केवळ पुतळ्यांचे व फुलांचे काम राहत नाही. कोणता ढीग कोठे आहे, त्याखाली पाणी आहे काय, पाऊस झाल्यावर तो कोणी पाहावयाचा, याची नोंद ठेवणे हेही स्मरणच होय. कोळसा जळून जातो. ज्यांनी तो काढला त्यांची नावे, त्यांची पुस्तके आणि त्यांच्या घरांवरचे ढीग मागे राहतात. यांतले पहिले दोन जपावे लागतात, आणि तिसऱ्यावर जागता पहारा ठेवावा लागतो.