मर्यादेची रेषा कोठे आखावी?

संस्कृतातील ‘वेला’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. काल हा त्याचा एक अर्थ आणि मर्यादा हा दुसरा. अमरकोशात दोहोंची नोंद आहे. मराठीत त्याची ‘वेळ’ झाली आणि मर्यादेचा अर्थ मागे पडला. हा शब्द मुलांस अनेक वर्षे शिकवूनही हे दोन अर्थ एकत्र का नांदतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करावयास लावला आमच्या जिल्ह्यातील एका भट्टीने आणि आमच्याच घरातील एका कुकरने.

वर्ध्याजवळ भूगाव येथे पोलादाचा कारखाना आहे. तेथे ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भट्टीच्या दुरुस्तीचे काम चालू असता उष्ण हवा व तप्त कण बाहेर पडून तिसांहून अधिक कामगार भाजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथेच पुन्हा वीसांच्या आसपास कामगार जखमी झाले. हे सारे कोणाचे तरी पुत्र, कोणाचे तरी पती. तेव्हापासून मनात प्रश्न घोळू लागला, की इतक्या दाहक वस्तू हाताळताना ‘येथपर्यंत ठीक, यापुढे नाही’ हे ठरवितात तरी कसे?

यंत्रास मर्यादा घालण्याची रीत ह्या जिल्ह्यास नवी नाही. हिंगणघाट व पुलगाव येथे कापडाच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या, आणि त्या काळी गिरणी म्हटली की वाफेचा बॉयलर आलाच. बॉयलरच्या दाबमापकावर तांबडी रेघ असते. ती रेघ बॉयलर फुटण्याच्या जागी नसते, तर पुष्कळ अलीकडे असते. कारण नवा बॉयलर नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने, पाणी भरून, आधी पारखून घेतात. यासाठी भारतात १९२३ साली कायदा झाला व २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

पण किती अलीकडे? येथे आपण एक त्रैराशिक मांडू. समजा, एखादे पात्र २०० अंशांवर धोक्यात येते आणि बिघाड झाल्यास त्याची उष्णता मिनिटास २ अंश वाढते. आच तोडल्यावरही ती ५ मिनिटे वाढतच राहते, म्हणजे १० अंश गेले. मापकाची चूक ५ अंशांची धरू. उरले १८५. थोडे हातचे राखून १८० वर यंत्राने आपण होऊन आच तोडावी, असे ठरले. आता माणसाचा विचार करू. घंटा ऐकून, कारण शोधून, झडप फिरविण्यास त्यास १० मिनिटे लागत असतील, तर घंटा १६० वरच वाजली पाहिजे. आणि नित्याचे काम त्याहून खाली, १४० ते १५० च्या दरम्यान चालले पाहिजे. म्हणजे मर्यादा दिसते अंशांत, पण आखली जाते मिनिटांत! ‘वेला’ शब्दाचे दोन अर्थ येथे एक होतात.

मर्यादा केवळ वरचीच असते असेही नाही. लोखंडाच्या भट्टीतील रस सुमारे १५०० अंशांचा असतो, आणि तिच्या भिंती फिरत्या पाण्याने थंड राखाव्या लागतात. तेथे पाणी अमुक मापाहून कमी होता कामा नये, ही खालची मर्यादा. तेच पाणी गळून रसाखाली कोंडले गेले, तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. शिवाय भट्टीच्या वायूत वासहीन असा विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून भट्टी चालू असतानाच्या मर्यादा निराळ्या, आणि ती थंड करताना, उघडताना व पुन्हा पेटविताना पाळावयाच्या मर्यादा निराळ्या लिहून ठेवाव्या लागतात. यंत्र थांबले म्हणजे भय संपले, हा समज घातक होय.

तथापि रेषा आखणे सोपे. ती जागच्या जागी राखणे कठीण. भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हजारोंच्या प्राणांवर बेतले, त्याचे एक कारण हेच. ते विषारी द्रव्य शून्याच्या जवळपास थंड ठेवावयाचे, असा नियम होता. परंतु शीतयंत्र कित्येक महिने आधीच बंद केलेले होते. नित्याची उष्णताच मर्यादेच्या वर गेली, तेव्हा सूचना देणाऱ्या घंटेस अर्थ उरला नाही. काल काही झाले नाही, म्हणून आजही होणार नाही, असे मानता मानता मर्यादा मोडण्याचीच रूढी होऊन बसते.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे काय? गेल्या वर्षी आमच्या कुकरची सुरक्षा-झडप वितळली. शिटीची वाट चोंदली असता ती वितळून वाफ सोडते; म्हणजे तिने आपले काम चोख केले होते. बाजार दूर, ऊन कडक. मी त्या छिद्रात धातूचा एक तुकडा ठोकून बसविला आणि आपल्या कसबावर खूश झालो. सूनबाईंनी तो पाहिला, कुकर उचलून फळीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “मामंजी, नवी झडप येईपर्यंत डाळ पातेल्यात शिजेल. उशीर होईल, एवढेच.”

त्या दिवशी जेवणास तासभर उशीर झाला. कारखान्यातही मर्यादा पाळण्याची किंमत बहुधा एवढीच असते: थोडा वेळ, थोडे उत्पन्न. ती देण्यास जो कुरकुरतो, त्याच्या वतीने ती दुसऱ्या कोणास तरी आपल्या देहाने भरावी लागते. आपली मुले-नातवंडे आज कारखान्यांत अधिकारपदांवर आहेत. उत्पादनाच्या घाईत कोणी ती रेषा किंचित पुढे सरकवा म्हणून आग्रह धरील, तेव्हा ‘उशीर होईल, एवढेच’ असे म्हणण्याचे धैर्य त्यांच्या अंगी असावे. त्याचे पहिले धडे स्वयंपाकघरातच मिळतात. मला तर ते साठी उलटल्यावर मिळाले.