चार्ल्स्टनचं बंदर त्याला पाठ होतं

13 मे 1862. पहाटेचे तीन वाजून गेले होते. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरातून ‘प्लांटर’ नावाची आगबोट निघाली. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशापासून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा तिच्यावर होता, पोटात तोफा आणि दारूगोळा होता. गोरा माणूस मात्र एकही नव्हता. तिन्ही गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर झोपायला गेले होते आणि सुकाणू धरून उभा होता 23 वर्षांचा रॉबर्ट स्मॉल्स, जन्मापासून गुलाम.

बारा वर्षांचा असताना मालकाने त्याला चार्ल्स्टनला मजुरीला पाठवलं. कष्ट त्याचे, कमाई मालकाची. त्या वर्षांत त्याने बंदर अक्षरशः पाठ केलं: वाळूचे दांडे, भरती-ओहोटी, पाणसुरुंगांच्या जागा, किल्ल्यांना द्यायच्या खुणेच्या शिट्या. बोट तो हाकायचा, पण ‘पायलट’ या पदाचा मान गोऱ्यांपुरता राखलेला.

वाटेत दुसऱ्या धक्क्यापाशी थांबून त्याने बायकामुलांना घेतलं. त्यांत त्याची बायको हॅना आणि दोन लहान मुलं होती. पुढे एकामागून एक किल्ले. स्मॉल्सने कप्तानाची रुंद कडांची टोपी चढवली आणि त्याच्याच ढबीत तो उभा राहिला. जिथून हे यादवी युद्ध पेटलं होतं, त्या फोर्ट समटरपुढून जाताना वेग न वाढवता त्याने ठरलेली शिटी दिली. पहारेकऱ्यांनी वाट दिली. मला या क्षणाचं नवल संपतच नाही. अंधार त्याच्या मदतीला होता, पण त्याहून मोठा आडोसा त्याला दिला तो मालकवर्गाच्या समजुतीने. सुकाणूवरचा गुलाम बोटच घेऊन जाईल, हे त्यांच्या कल्पनेतही बसत नव्हतं.

तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरला आणि पांढरी चादर चढली. समोर नाकेबंदी करून असलेलं उत्तरेचं जहाज ‘ऑनवर्ड’ तोफ डागण्याच्या बेतात होतं. चादर वेळेवर दिसली.

बोटीसोबत खुणांची वहीही उत्तरेच्या हाती आली. पण स्मॉल्सने स्वतः सांगितलेली बंदराच्या संरक्षणाची माहिती मला त्याहून मोलाची वाटते. ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनला जाऊन युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना भेटला. त्याच महिन्यात स्टँटन यांनी साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर 5,000 पर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करायला मुभा दिली. कृष्णवर्णीय माणूस लढेल का, हा वाद तेव्हा तावातावाने चालला होता. ‘प्लांटर’ हे त्याचं जिवंत उत्तर होतं. युद्ध संपेपर्यंत असे जवळपास 1 लाख 80 हजार सैनिक उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले.

‘प्लांटर’ आणल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांचं स्मॉल्सने काय केलं? त्याची आई ज्या घरात गुलाम म्हणून राबली, ब्यूफर्ट गावातलं तेच मालकाचं घर त्याने कर थकल्यामुळे निघालेल्या लिलावानंतर विकत घेतलं. जुन्या हक्कदाराने दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने 1878 साली घर स्मॉल्सचंच ठरवलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, तेव्हा हा माणूस साउथ कॅरोलायनाच्या सिनेटात बसत होता. पुढे तो वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्येही अनेकदा निवडून गेला.

तरीही 1895 साली राज्याची घटना नव्याने लिहिली गेली, तीच मुळी कृष्णवर्णीयांचं मत काढून घेण्यासाठी. साक्षरतेची अट, मालमत्तेची अट. ती लिहिणाऱ्या सभेतल्या मूठभर कृष्णवर्णीय प्रतिनिधींत स्मॉल्स होता. त्याने कडाडून विरोध केला, हरला, आणि तयार घटनेवर सही करायला नकार दिला. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मताला कायद्याचं खरं पाठबळ मिळायला 1965 चा मतदान हक्क कायदा यावा लागला. स्मॉल्स 1915 मध्येच वारला होता, ब्यूफर्टच्या त्याच घरात.