ॲसिल ॲझाइडांची पुनर्रचना : एक पायरी की दोन?

कार्बॉक्सिलिक अम्लापासून एक कार्बन अणू कमी असलेले अमाइन मिळविण्याचे जे मार्ग सेंद्रिय रसायनशास्त्रात रूढ आहेत, त्यांत टेओडोर कुर्टिअस या जर्मन रसायनज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी पुनर्रचना विशेष महत्त्वाची होय. हायड्राझोइक अम्ल १८९० साली प्रथम कुर्टिअसनेच तयार केले. ॲसिल ॲझाइडांचा अभ्यास हे त्याच संशोधनाचे फळ. ॲसिल ॲझाइड तापविले असता त्यातून नायट्रोजन वायू निघून जातो, कार्बोनिल कार्बनाला जोडलेला गट शेजारच्या नायट्रोजनावर सरकतो आणि आयसोसायनेट तयार होते. त्यावर पाण्याची क्रिया झाली की अस्थिर कार्बामिक अम्ल बनते व त्यातून कार्बन डायऑक्साइड निसटून अमाइन हाती येते. पाण्याऐवजी अल्कोहोल वापरल्यास कार्बामेट मिळते.

हा आराखडा सोपा आहे. प्रश्न आहे तो मधल्या क्षणाचा. आधी नायट्रोजन वायू जातो, मागे नायट्रीन उरते आणि मग गट सरकतो, असे दोन पायऱ्यांचे चित्र फळ्यावर अनेकदा काढले जाते. उष्णतेने घडणाऱ्या विक्रियेस ते लागू पडत नाही. मुक्त नायट्रीन अत्यंत क्रियाशील असते. ते खरोखरच निर्माण झाले, तर विद्रावकाच्या कार्बन-हायड्रोजन बंधांत शिरल्यावाचून किंवा अल्कीनाच्या द्विबंधाशी जोडले गेल्यावाचून राहणार नाही. ल्वोव्स्की व टिस्यू यांनी १९६५ साली पिव्हॅलॉइल ॲझाइडावर केलेले काम या बाबतीत निर्णायक ठरले. प्रकाशाच्या साहाय्याने विघटन केले असता नायट्रीनापासून होणारे पदार्थ मिळाले आणि त्यांच्याबरोबर सुमारे ४० टक्के आयसोसायनेटही मिळाले. मात्र विद्रावक बदलला तरी आयसोसायनेटाचे प्रमाण बदलले नाही. ते नायट्रीनापासून बनत असते, तर नायट्रीन टिपून घेणाऱ्या विद्रावकात ते घटायला हवे होते. अर्थात प्रकाशातदेखील ते थेट ॲझाइडापासूनच बनते. उष्णतेने तर जवळजवळ निव्वळ आयसोसायनेटच मिळते. बंध तुटणे, जुळणे आणि वायू बाहेर पडणे या क्रिया एकाच ओघात घडतात.

या दृष्टीने ‘गटाचे स्थलांतर’ हा रूढ शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. स्थलांतर करणारा जुने घर सोडून वाटेला लागतो. हा गट मात्र क्षणभरही मोकळा होत नाही. कार्बोनिलाला जोडलेला कार्बन असममित असेल, तर त्याचा विन्यास अमाइनातही कायम राहतो, तो याच कारणाने. संश्लेषकाच्या लेखी या विक्रियेचे खरे मोल येथेच आहे.

शिओइरी, निनोमिया व यामादा यांनी १९७२ साली डायफेनिलफॉस्फोरिल ॲझाइड हे विक्रियाकारक पुढे आणले आणि ॲसिल ॲझाइड वेगळे काढण्याची गरजच उरली नाही. तृतीयक ब्युटॅनॉलात हीच विक्रिया केल्यास बॉक गटाने संरक्षित अमाइन एकाच भांड्यात मिळते.

धोका मात्र टळत नाही. कमी रेणुभाराची ॲसिल ॲझाइडे स्फोटक असतात. सोडियम ॲझाइडावर अम्ल पडल्यास सुमारे ३७ अंश सेल्सियसला उकळणारे विषारी व स्फोटक हायड्राझोइक अम्ल सुटते. डायक्लोरोमिथेनाशी त्याचा संबंध आल्यास स्फोटक डायॲझाइडोमिथेन बनू शकते. म्हणूनच मोठ्या प्रमाणावरील कामासाठी अलीकडे अखंड प्रवाहाच्या नळ्यांची रचना पसंत केली जाते. तीत ॲझाइड तयार होताच पुढच्या तप्त भागात खर्ची पडते, आणि कोणत्याही क्षणी त्याचा साठा अगदी थोडा असतो.