पाय कोणाचे शाबूत राहिले?

ग्रामसभेत सामाईक स्मशानशेडचा विषय निघाला की ‘वाडीवाडीचे स्मशान पूर्वापार वेगळे आहे’ असे उत्तर मिळते. आमच्या गुहागरकडेच काय, कोकणात पुष्कळ गावी हे ऐकायला येते. पण पूर्वापार म्हणजे कधीपासून? जुनी दफने तपासून मेलेल्या माणसाचे समाजातले स्थान शोधणारे पुरातत्त्वशास्त्र याबद्दल काही सांगू शकते. आपल्या राज्यातला त्याचा मोठा दाखला म्हणजे घोड नदीकाठचे इनामगाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली प्रमुख मंडळी. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमारास नांदलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथे दोनशेहून अधिक दफने सापडली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची. बाळ दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि खड्डा घराच्याच जमिनीत. चुलीपासून, आईपासून लांब न्यायचे नाही. वाचताना पोटात तुटते! मोठ्या माणसालाही घरात किंवा अंगणातच पुरत, डोके उत्तरेकडे, सोबत भांडी. म्हणजे वेगळी स्मशानभूमीच नव्हती. पूर्वापारची गोष्ट करणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.

मात्र मोठ्यांचे पाय घोट्याजवळ तोडलेले आढळले. मृताने भूत होऊन पळू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

एका माणसाचे पाय मात्र शाबूत होते. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे घर, लागून धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात चाळिशीच्या आसपासचा पुरुष मांडी घालून बसवलेला. हा गावचा प्रमुख असावा, असे मानतात. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती.

कष्टकरी कडेला आणि कोठारवाला मध्यावर, हे आपल्याला ओळखीचे वाटते. तरी याला घाईने जात म्हणू नये, असे आमचे मत आहे. मानपान होता हे दफनांवरून दिसते. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हावे, असा दंडक होता का, हे हाडांवर लिहिलेले नसते.