कर्बाची शेती आणि तिचा जमाखर्च

आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी सध्यां ऑस्ट्रेलियांत डॉक्टरेटसाठीं अभ्यास करीत आहे. त्याचे वडील शेतकरी. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत ते आम्हांस भेटले व जरा संकोचानेंच म्हणाले, "मास्तर, पोरगा सांगतो कीं तिकडचे शेतकरी हवेंतला माल विकतात, आणि तो त्याचाच हिशोब शिकतो आहे. शेतकऱ्याच्या मुलानें एवढें शिकून हवेचा हिशोब करावा, हें काय?" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें आम्हीं कांहीं पुस्तकें चाळलीं, मुलाचीं पत्रें वाचलीं, आणि जें समजलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वनस्पति हवेंतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, घेऊन त्यांतील कर्बापासून आपलें अंग घडवितात, हें खालच्या वर्गांतील मुलेंही जाणतात. वाळलेल्या लाकडाचें सुमारें निम्में वजन कर्बाचेंच असतें. पानें गळतात, मुळें कुजतात, शेण पडतें. त्यांतला बराचसा कर्ब पुनः हवेंत जातो, परंतु थोडा मातींत राहतो. (आपल्या काळ्या जमिनीचा रंग पाहून तींत कर्ब भरपूर असेल असा तर्क मात्र कोणीं करूं नये, बहुधा तो कमीच असतो.) पिकांची, झाडांची व चराईची अशी व्यवस्था ठेवावयाची कीं हा साठा वाढावा, आणि त्या वाढीबद्दल मोबदला मिळवावयाचा, यास कर्बाची शेती म्हणतात.

ऑस्ट्रेलियानें इ. स. २०११ मध्यें यासाठीं कायदाच केला. हवेंतून काढलेल्या अथवा हवेंत जाऊं न दिलेल्या प्रत्येक टन वायूमागें शेतकऱ्यास एक 'क्रेडिट' मिळतें. प्रथम मुख्य गिऱ्हाईक सरकार होतें. एप्रिल २०१५ च्या पहिल्या लिलावांत सरासरी भाव टनास १३.९५ डॉलर पडला. पुढें बाजारांत तो याच्या दुपटीवरही गेला. इ. स. २०२३ पासून मोठ्या कारखान्यांच्या धुराची मर्यादा वर्षोवर्ष उतरती केलेली आहे, आणि मर्यादा ओलांडणाऱ्यास क्रेडिटें विकत घेऊन भरपाई करावी लागते. येथेंच या विषयाचें मर्म आहे. शेतकऱ्याच्या नांवें लिहिलेला टन जर खोटा असेल, तर त्याच्या आधारावर कारखान्यानें सोडलेला टन मात्र खरा असतो.

आतां वाचकांनीं क्षणभर पाटी हातीं घ्यावी. एक हेक्टर जमीन, ३० सेंटिमीटर खोल: तीन हजार घनमीटर माती झाली. घनमीटरास १.३ टन वजन धरल्यास ३,९०० टन. तींत शेंकडा एक कर्ब असेल तर ३९ टन. शेतकऱ्यानें पांच वर्षें खपून हें प्रमाण शेंकडा १ वरून १.१ वर नेलें, तर वाढ ३.९ टन कर्बाची. कर्बाचे १२ भाग प्राणवायूच्या ३२ भागांशीं मिळून वायूचे ४४ भाग होतात, म्हणून ही वाढ सुमारें १४.३ टन वायूइतकी ठरते. २०१५ च्या भावानें दोनशें डॉलर. परंतु पंचवीस वर्षांचाच करार केला तर पांचवा हिस्सा कापला जातो, आणि साठा नष्ट होण्याच्या भीतीपोटीं शेंकडा पांच आणखी. उरले दीडशें, म्हणजे वर्षाला हेक्टरी तीस डॉलर. मातीचे नमुने काढणारा, ते तपासणारी प्रयोगशाळा आणि हिशोब तपासनीस यांचें देणें अजून यांतूनच भागवावयाचें आहे!

बरें, मोजणें तरी सोपें आहे काय? एकाच शेतांत दहा पावलांवर खणलेल्या दोन खड्ड्यांतील मातींत याहून अधिक फरक निघूं शकतो. म्हणून नमुने पुष्कळ घ्यावे लागतात. शिवाय ट्रॅक्टरच्या चाकांनीं माती दबली, तर तितक्याच खोलींत अधिक माती मावते आणि कर्ब न वाढतांही वाढलेला दिसतो; यासाठीं खोलीची नव्हे, मातीच्या वजनाची बरोबरी करावी लागते. दोन वर्षें पाऊस चांगला झाला तर गवत माजतें, कर्ब वाढतो. दुष्काळ पडला कीं तो ओसरतो. मग वाढ शेतकऱ्याच्या कष्टाची कीं पावसाची?

हाच प्रश्न झाडांच्या बाबतींत इ. स. २०२२ मध्यें ऑस्ट्रेलियांत मोठ्या वादाचें कारण झाला. पद्धतींची छाननी करणाऱ्या सरकारी समितीचे माजी अध्यक्ष अँड्र्यू मॅकिंटॉश यांनींच जाहीर आक्षेप घेतला कीं, जें रान कोणी तोडणारच नव्हतें तें न तोडल्याबद्दल, आणि जीं झाडें पावसानें आपोआप वाढलीं त्यांबद्दलही, क्रेडिटें दिलीं जात आहेत. सरकारनें इयन चब यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी नेमली. व्यवस्था मुळांत ठीक आहे असा चौकशीचा निर्णय झाला. तथापि 'न तोडल्याबद्दल' या प्रकारांत नवीं कामें घेऊं नयेत असेंही तिनें सुचविलें. आमच्या मतें आक्षेपकांचा मुद्दा त्या निर्णयानें सर्वस्वीं निकालांत निघाला नाहीं. जें घडलें नाहीं तें घडलें असतें काय, हें मोजण्यास कोणताही तराजू नाहीं.

याहून जुना धडा इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रावर मिळतो. तेथें इ. स. १८५२ पासून बार्लीच्या एका वाफ्यास दरसाल शेणखत घालीत आलेले आहेत. मातींतील कर्ब प्रथम झपाट्यानें वाढला, मग वाढीचा वेग मंदावत गेला. रांजण भरत आला म्हणजे त्यांत ओतलेलें पाणी मावत नाहीं, तसेंच हें. शेतकऱ्याची मिळकत अशा रीतीनें हळूहळू आटते. साठा राखण्याचें बंधन मात्र कराराप्रमाणें पंचवीस किंवा शंभर वर्षें उभें राहतें. विद्यार्थ्यानें पत्रांत लिहिलें आहे कीं, मिळकत व बंधन यांची ही विषम जोडी शेतकऱ्यास परवडते कीं नाहीं, हेंच तो आंकड्यांनीं तपासतो आहे.

नाताळांत त्याचे वडील पुनः आले, तेव्हां आम्हीं हें सारें त्यांस सांगितलें. दीडशें डॉलरांचा हिशोब त्यांस लगेच पटला. नमुन्यांचा खर्च ऐकून ते हसले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पंचवीस वर्षांनीं जमीन माझ्या नातवाकडे असेल. मग आज सही कोणीं करायची?" ऑस्ट्रेलियांत जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली तरी असें बंधन तिच्याबरोबर जाऊं शकतें, एवढेंच आम्हीं त्यांस सांगूं शकलों. त्यांचा प्रश्न आम्हीं मुलास कळविला आहे.