नेपाळची तळी आणि जंगले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेपाळ म्हणजे बर्फाची शिखरे आणि गिर्यारोहण, हा सर्वांत पक्का बसलेला समज. वास्तविक या देशाची दक्षिणोत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरही भरत नाही, आणि तेवढ्यात हवामानाचे सगळे प्रकार येतात. भारताच्या सीमेलगतच्या तराई पट्ट्यात शंभर-दोनशे मीटर उंचीवर सालवृक्षांची उष्ण जंगले आहेत. तिथे गेंडा, वाघ, हत्ती आणि मगर राहतात. मधल्या डोंगराळ भागात पोखऱ्याची तळी आहेत, तर उत्तरेला हिमबिबट्याचा मुलूख. पाठीवर सॅक घेऊन निघालेल्या मित्रांच्या गटाला एकही शिखर न चढता हा देश मनसोक्त पाहता येतो.

तळ्यांबाबत पहिला गैरसमज असा, की नेपाळमधले सर्वांत मोठे तळे पोखऱ्याचे फेवा. तो मान पश्चिमेकडील मुगू जिल्ह्यातल्या रारा तळ्याचा. रारा सुमारे २,९९० मीटर उंचीवर असून त्याचे क्षेत्रफळ दहा चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आणि कमाल खोली १६७ मीटर आहे. फेवाची खोली चोवीस मीटरच्या आसपास. शिवाय त्याची पाणीपातळी बंधाऱ्याने राखली जाते, म्हणजे ते पूर्णपणे नैसर्गिक स्थितीतले तळे नाही. पण फेवा शहराला लागून आहे आणि राऱ्याला पोहोचण्यासाठी नेपाळगंजहून छोट्या विमानाने तालचाला उतरून पुढे काही तास चालावे लागते, नाहीतर कर्णालीच्या खडतर रस्त्यावर दिवस मोडावे लागतात. त्यामुळे प्रसिद्धी एकाच्या वाट्याला आली आणि शांतता दुसऱ्याच्या. ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांनी रारा निवडावे.

नेपाळमधलेच तिलिचो हे जगातले सर्वांत उंचावरचे तळे असल्याचेही सर्रास सांगितले जाते. त्याची उंची ४,९१९ मीटर आहे; पण खुद्द नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या परिसरातले इम्जा हे हिमतळे पाच हजार मीटरच्या वर आहे, आणि चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवरील ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवरचे छोटे तळे सहा हजारांच्याही वर. या विक्रमाच्या गप्पांत खरी काळजीची गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे विरळ हवेचा त्रास. तरुण आणि तंदुरुस्त माणसाला तो होत नाही, ही समजूत घातक आहे. सह्याद्रीतले किल्ले दमदारपणे चढणाऱ्यालाही तीन हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश गाठू शकतात, कारण त्या उंचीला शरीर सरावायला वेळच लागतो. तीन हजारांच्या पुढे मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि लक्षणे वाढली तर खाली उतरावे. मित्रांच्या गटात यात एक जास्तीचा धोका असतो: कोणी मागे पडायला नको म्हणून त्रास लपवतो. गटाची चाल सर्वांत मंद माणसाने ठरवावी, हा नियम निघण्यापूर्वीच बोलून घेतलेला बरा.

आता जंगल. दक्षिणेकडील चितवन म्हणजे माणसाचा हात न लागलेले अरण्य, ही कल्पना मोहक असली तरी खरी नाही. मलेरियामुळे या खोऱ्यात स्थानिक थारू जमात सोडून फारसे कोणी वस्ती करत नसे, आणि राणा राजवटीत ते राखीव शिकारीचे रान होते. १९११ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज इथे आला, तेव्हा त्याच्या शिकारीत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. १९५० च्या दशकात डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणल्यावर डोंगरातली माणसे खाली उतरली, जंगल तोडून शेती झाली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस गेंडे शंभराच्या आसपास उरले. १९७३ मध्ये नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान इथे झाले, पण त्यासाठी काही गावे उठवावी लागली. आज जिथे गेंडे चरतात त्यातली काही गवताळ मैदाने म्हणजे या उठलेल्या गावांची शेते. गवताचे रान टिकावे म्हणून ते दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटी कापले आणि जाळले जाते. आसपासच्या गावकऱ्यांना ठरावीक दिवस छपरासाठी गवत नेण्याची मुभा असते.

त्यानंतरचा चढउतार तितकाच बोलका आहे. माओवादी संघर्षाच्या काळात चोरट्या शिकारीने पुन्हा घात केला: चितवनमधले गेंडे २००० साली ५४४ होते, ते २००५ मध्ये ३७२ झाले. मग सैन्याची गस्त आणि गावांचा सहभाग वाढला. २०२१ च्या गणनेत देशभर ७५२ गेंडे मिळाले, त्यांतले ६९४ चितवनमध्ये. देशातले वाघ २००९ मध्ये १२१ होते, ते २०२२ मध्ये ३५५ झाले. वन्यजीव आता संपतच चालले आहेत असे मानणाऱ्यांनी हे आकडे आवर्जून पाहावेत.

मात्र आकडा वाढला म्हणून वाघ दिसेलच असे नाही. चितवनमध्ये गेंडा दिसण्याची शक्यता चांगली, वाघाची बरीच कमी. वाघासाठी जाणकार बर्दिया राष्ट्रीय उद्यानाकडे बोट दाखवतात. तिथे गर्दी कमी आहे आणि नदीकाठी तासन्‌तास गप्प बसून राहावे लागते.

गेंडा शाकाहारी म्हणून निरुपद्रवी, हा समज जिवावर बेतू शकतो. त्याची नजर अधू, पण नाक आणि कान तीक्ष्ण. पिल्लासोबतची मादी क्षणात धावून येते. चालत जंगलात शिरण्यापूर्वी वाटाडे जे सांगतात ते नीट ऐकावे. गेंडा आला तर नागमोडी पळून झाडावर चढायचे किंवा जाड खोडाआड व्हायचे. अस्वल दिसले तर सगळ्यांनी एकत्र राहून काठ्या आपटायच्या. वाघासमोर पळायचे नाही, नजर न काढता हळूहळू मागे सरायचे. सोबतच्या वाटाड्याकडे बंदूक नसते, असते ती बांबूची काठी. म्हणूनच मित्रांनी आपले आपण जंगलात फिरायचे ठरवले तर चालत नाही. पायी फेरीला किमान दोन परवानाधारक वाटाडे लागतात, एक पुढे आणि एक मागे. तंबू ठोकून उद्यानात रात्र काढता येत नाही. आतली हॉटेलेही २०१२ मध्ये बंद झाली. मुक्काम सौराहासारख्या उद्यानाच्या सीमेवरच्या गावात करायचा. रात्रीचे जंगल अनुभवायचे असेल तर सामुदायिक वनांतले मचाण मिळते.

नदीतला प्रत्येक लांब तोंडाचा प्राणी माणसे खातो, हेही चूक. अरुंद, लांब जबड्याची सुसर मासे खाते, माणसावर हल्ला करत नाही. ती नामशेष होऊ नये म्हणून चितवनमधल्या कसरा येथे १९७८ पासून तिची पैदास करून पिल्ले नदीत सोडली जातात. मगर मात्र धोकादायक आहे. तिथल्या राप्ती नदीचे पात्र उथळ दिसते म्हणून त्यात उतरू नये.

सगळ्या ऋतूंत सारखीच मजा येते असेही नाही. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस असतो. रस्ते खचतात, जळवा चिकटतात. गवत कापल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल, प्राणी सहज दिसतात. डोंगर स्वच्छ दिसतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरे, पण आधार कार्ड पुरते हा गैरसमज आहे. प्रौढांनी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र बाळगावे. मुंबईकडून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर आणि तिथून सुनौलीची सीमा, हा खुष्कीचा सोपा मार्ग.

शेवटी, उद्यानाचे प्रवेशशुल्क म्हणजे निव्वळ सरकारी वसुली असे पुष्कळांना वाटते. नेपाळच्या कायद्यानुसार उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के भाग भोवतीच्या बफर क्षेत्रातल्या गावांच्या विकासासाठी राखला जातो. पीक तुडवणारा गेंडा आणि गाय उचलणारा वाघ ज्यांच्या दारात आहेत, त्यांना हे प्राणी जगवण्यात रस राहावा, यासाठी ही तरतूद आहे. म्हणून शुल्क चुकवू नये, वाटाड्या स्थानिकच घ्यावा, आणि जमेल तर दोन रात्री थारूंच्या घरी राहावे.